काचवाल्याची निरवानिरव

मी, खाली सही करणारा, वय सहासष्ट पूर्ण, धंदा काच कापण्याचा व आरसे बसवण्याचा, राहणार दुकानाच्या वरच्या मजल्यावर, आज पूर्ण शुद्धीत, स्वतःच्या अक्षरात, कोणी बळजबरी केली नसताना व कोणी फूसही लावली नसताना हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. माझी बुद्धी शाबूत आहे. शरीराची हमी देता येत नाही. उद्या सकाळी मला रुग्णालयात दाखल व्हायचे आहे आणि परवा पोटाचे ऑपरेशन आहे. परत आलो तर हा कागद मी माझ्या हाताने फाडीन. न आलो तर खाली लिहिल्याप्रमाणे वागावे.

वकीलबाई म्हणाल्या, "काका, एका पानात आटपा. घर, दुकान, बँक, सह्या." मी मान डोलावली. पण कारण न सांगता नुसती वाटणी लिहिली, तर मागे राहिलेले तर्क लढवत बसतील. म्हणून कारणापासून सुरुवात करतो.

कलम १. कारण.

गेल्या महिन्यापर्यंत मी ठणठणीत होतो, निदान माझी तशी समजूत होती. माझी पत्नी दर वर्षी न चुकता दवाखान्यात जाऊन सगळ्या तपासण्या करून घेते. तिची साखर अशाच एका तपासणीत सापडली, तेव्हा तिला काही म्हणजे काही होत नव्हते. आज एका गोळीवर ती आटोक्यात आहे. तरी मी तिला हसायचो. "दुखत नाही तिथे कशाला बोट घालायचं?" असे मी विचारायचो आणि ती चपला घालता घालता म्हणायची, "दुखायला लागल्यावर तर सगळेच जातात."

या वेळी तिचा गुडघा धरला होता, म्हणून मी तिच्याबरोबर गेलो आणि बाहेरच्या बाकावर बसून राहिलो. समोरच्या सोनोग्राफीच्या खोलीतून एक बाई डोकावली.

"काका, वय काय तुमचं?"

"मी पेशंट नाही. ही आत आहे."

"मी वय विचारलं."

"सहासष्ट."

"सिगारेट?"

"सोडली. बरीच वर्षं झाली."

"ओढली होतीत ना? मग आत या. पोटातली मोठी रक्तवाहिनी बघून घेऊ. तुमच्या वयाच्या, सिगारेट ओढलेल्या पुरुषांची एकदा तरी बघतोच आम्ही. दहा मिनिटांचं काम आहे."

"मला पोटात काही होत नाही, बाई."

"होत नसतानाच बघायची असते."

तेवढ्यात माझी पत्नी बाहेर आली. तिने सगळे ऐकले असावे. "जा," ती म्हणाली. "नाहीतरी बाकावर बसून काय उजेड पाडताय?"

मी आडवा झालो. पोटावर गार चिकट काहीतरी लावले. ती बाई बोलकी होती. माझा धंदा कळल्यावर तिने तिच्या न्हाणीघरातल्या आरशाची तक्रार सुरू केली, कडेने काळे डाग पडत आहेत म्हणे. मी तिला सांगत होतो की मागे ओल असणार, आरसा भिंतीपासून थोडा सुटा बसवायला हवा. बोलता बोलता तिचे लक्ष उडाले. तिने यंत्र परत त्याच जागी फिरवले. मग पुन्हा. आरशाचा विषय तिने सोडून दिला. इतकी वर्षे धंदा केल्यावर समोरच्या माणसाचे गप्प होणे कळते.

"काका, हळू उठा."

"हळू का?"

"हळू उठा. आणि आज काही जड उचलू नका."

काचवाल्याला सांगते, जड उचलू नका.

शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर मोजके बोलतात. हृदयातून निघून पोटात उतरणारी जी महाधमनी, तिची भिंत माझ्या पोटात फुगली आहे. एरवी ही नळी अंगठ्याएवढी जाड असते, माझी मुठीएवढी झाली आहे. मी विचारले, "फुटली तर?"

"त्याच्या आधी आपण ऑपरेशन करू."

"पण फुटली तर?"

त्यांनी चष्मा काढला. "तर फार थोड्यांना वाचवता येतं. न फुटता आलेले बहुतेक जण आपल्या पायांनी घरी जातात. तुम्ही न फुटता आला आहात."

तेव्हापासून मी काचेच्या माणसासारखा चालतो. शिंक आली की माझी पत्नी हातातले काम टाकून दारात येऊन उभी राहते. आडवा झालो की बेंबीच्या वर ठोका दिसतो, सदरा हलतो. आधीही हलत असणार, मी बघितले नव्हते.

कलम २. थोरला भाऊ.

याच्या नावे आता काही करता येत नाही, तरी हे कलम हवे. त्याच डॉक्टरांनी जाता जाता विचारले, "घरात कोणी अचानक गेलं होतं का?"

आम्ही तीन भाऊ. दुकान तिघांचे. दादा अकरा वर्षांपूर्वी गेला. आठवडाभर त्याची पाठ दुखत होती. कोपऱ्यावरच्या डॉक्टरने मलम दिले, पोटाला हात लावला नाही. त्या डॉक्टरवर मी बरीच वर्षे राग धरून होतो, पण खरे सांगायचे तर दादा त्याच्यासमोर धड बसलाही नव्हता, दारातूनच "मलम लिहा" म्हणाला होता. त्या सकाळी मी एका गिऱ्हाइकाकडे कपाटाचा आरसा बसवत होतो. धाकटा दुकानात शिरला तेव्हा दादा मांडणीतून मोठी काच काढत होता. त्याने काच सोडली, पाठीला हात लावला, पांढराफटक पडला आणि खाली बसला. परत उठला नाही. सगळे म्हणाले, हृदय. कोणी तपासले नाही, आम्हीही आग्रह धरला नाही.

स्मशानातून परत आल्यावर धाकटा सगळ्यांसमोर मला म्हणाला, "तू त्याला एकट्याला टाकून गेलास. एवढी काच एकट्या माणसाने उचलायची? त्या काचेने मारलं त्याला, आणि काच तू मागवली होतीस."

महिन्याभरात तो दुकानाचे कागद माझ्या एकट्याच्या नावे करून बाहेर पडला आणि नदीपलीकडच्या खिडक्यांच्या कारखान्यात लागला. त्यानंतर आमचे बोलणे नाही. लग्नकार्यात एकमेकांना टाळण्यात आम्ही दोघेही तरबेज झालो.

हे सगळे मी डॉक्टरांना सांगितले. ते म्हणाले, "आता सिद्ध करता येणार नाही. पण ऐकायला तर हेच वाटतं. हे भावाभावांत असतं. धाकटे कुठे आहेत? त्यांची तपासणी झाली का?"

कलम ३. घर.

दुकानावरचे राहते घर, आतल्या भांड्याकुंड्यांसह, माझ्या पत्नीचे. तिने ते विकावे, ठेवावे, भाड्याने द्यावे, कोणाला विचारू नये. मुलीलाही विचारू नये. खिडक्यांच्या काचा मात्र तिने स्वतः पुसू नयेत, तिचा गुडघा स्टुलावर चढण्याचा नाही.

कलम ४. बँकेतले जे काही आहे ते तिचेच. मला आकडा पाठ नाही, तिला आहे.

कलम ५. अवजारे.

माझी हिरकणी, म्हणजे काच कापायची हिऱ्याच्या टोकाची लेखणी, आणि जाड काचा उचलायच्या रबरी पकडी, मुलीच्या. ती गेली काही वर्षे माझ्यापेक्षा सरळ कापते. हे मी तिच्या तोंडावर कधी म्हटले नाही, म्हणून इथे लिहितो. कापायचे मोठे टेबलही तिचे. टेबलाचा एक पाय आखूड आहे, हे तिला माहीत आहे.

कलम ६. शिडी.

शेजारच्या घड्याळवाल्याकडे माझी अॅल्युमिनियमची शिडी गेली चार वर्षे "उद्या देतो" या बोलीवर आहे. ती परत आणावी. मी मेल्याच्या दुःखात तो ती कायमची विसरेल, त्याआधी आणावी.

कलम ७. मधला प्रसंग.

भूल दिल्यावर काही बिघडले आणि मी ना धड इकडे ना धड तिकडे असा राहिलो, तर काय करायचे ते माझ्या पत्नीने ठरवावे. डॉक्टरांनी तिला खरे सांगावे, गोड करून सांगू नये. मुलीने आईला "एक दिवस अजून, एक दिवस अजून" करत अडवू नये. हे लिहिताना माझा हात थांबला. पण लिहिले.

कलम ८. दुकान.

दुकानाचा अर्धा हिस्सा मुलीला. अर्धा माझ्या धाकट्या भावाला. या दुसऱ्या अर्ध्यावरून घरात बरेच झाले, म्हणून सविस्तर लिहितो.

डॉक्टरांनी सांगितल्याच्या दुसऱ्या दिवशी मी धाकट्याकडे गेलो. मुलीने गाडीतून नेले. ती खाली थांबली, मी एकेक पायरी मोजून मापून चढलो. दार भावजयीने उघडले. मला बघून ती दारातून बाजूला झाली. मग म्हणाली, "भावोजी! आत तरी या."

धाकटा गॅलरीत सिगारेट ओढत होता. त्याने मान वळवली, उठला नाही.

"काय काम काढलंस?"

"पोटाची तपासणी करून घे." आणि मी सगळे सांगितले. उभ्यानेच सांगितले, बस कोणी म्हटले नव्हते.

त्याने ऐकून घेतले. मग म्हणाला, "म्हणजे दादा काचेने गेला नाही, हे ऐकवायला आलास."

"तुझ्या पोटाबद्दल बोलायला आलोय."

"अकरा वर्षांनी माझं पोट आठवलं?"

"मला स्वतःला काल कळलं."

"मला काही होत नाही."

"मलाही काही होत नव्हतं."

"डॉक्टरांना काय, त्यांना गिऱ्हाईकच हवं असतं. आणि तुला हवी आहे सुटका. मी तपासून घ्यायचं, मला ते निघायचं, म्हणजे तू मोकळा!" त्याचा आवाज चढला. माझाही चढणार होता. पोटातला ठोका मला उभ्या उभ्या जाणवायला लागला. मी तोंड मिटले आणि जिन्यात येऊन बसलो.

भावजय पाणी घेऊन मागोमाग आली. शेजारी पायरीवर बसली आणि दाराकडे बघत हळूच म्हणाली, "भावोजी, ह्यांची कंबर दुखतेय. गेले पंधरा दिवस. मला म्हणतात, कारखान्यात वाकून वाकून झालंय."

दादाचे ते शेवटचे दिवस, मलमाचा तो वास, सगळे एकदम समोर आले.

"त्याला घेऊन जा," मी म्हटले. "आज. उद्या नाही."

"कसं नेऊ? ओढून नेण्यासारखा माणूस आहे का?"

घरी आल्यावर मुलीने तोडगा काढला. "बाबा, सरळ आहे. काकांना हिस्सा द्यायचा, पण तपासणी केली तरच. तसं लिहा. काकांचा दुकानावर जीव आहे, येतील झक मारत." वकीलबाई म्हणाल्या, अशी अट घालता येते, पण पुढे भांडणाला वाव राहतो. माझी पत्नी काहीच बोलली नाही, याचा अर्थ तिला मुलीचे पटले होते.

मी नकार दिला. मी त्याला जन्मापासून ओळखतो. लहानपणी आई म्हणायची, "अंघोळ केलीस तरच ताट वाढीन." मी आणि दादा धावत जाऊन अंघोळ करायचो. हा उपाशी बसायचा. संध्याकाळपर्यंत बसायचा. शेवटी आईच ताट घेऊन त्याच्यामागे फिरायची. याला अट घातली तर हा मरेल, पण अट मोडणार नाही. आणि मला त्याला तपासायला पाठवायचे आहे, हरवायचे नाही.

सबब, दुकानाचा अर्धा हिस्सा धाकट्याला विनाअट दिला आहे. त्याने तपासणी करो वा न करो. मला शिव्या देवो वा न देवो. दुकान तिघांचे होते, तो रागाने गेला म्हणून त्याचे नाते तुटले नाही. हा मजकूर मी वेगळ्या कागदावर उतरवून भावजयीकडे पाठवला आहे. वर एवढेच लिहिले की, "हिस्सा तुझा आहेच. कंबर दाखवून ये." त्याला आठ दिवस झाले. उत्तर नाही. भावजय फोन उचलत नाही. या आठ दिवसांत मला माझ्या पोटापेक्षा त्याच्या पोटाची धास्ती जास्त वाटली. माझ्या पोटाची निदान तारीख ठरली आहे.

कलम ९. मुलीला सूचना.

तुझे वय झाले की तुझ्या डॉक्टरला आपल्या घराण्याचा हा इतिहास सांग आणि तुला काय काय, केव्हा केव्हा तपासायला हवे ते विचार. आईबरोबर दर वर्षी जा. आपल्याकडे तहान लागल्यावर विहीर खणण्याची जुनी खोड आहे, ती माझ्यापाशी थांबू दे. हा सल्ला आहे, अट नाही. अटींबद्दल माझे मत वर आलेच आहे.

कलम १०. वरच्या कुठल्याच कलमात न बसणारे जे काही उरेल, किंवा एखादे दान कोणत्याही कारणाने फुकट जाईल, ते मुलीकडे जावे. हे कलम वकीलबाईंनी घालायला लावले.

कलम ११. आज दुपारी.

इथे सह्या करून उठायचे होते. वकीलबाई आल्या होत्या. पहिला साक्षीदार घड्याळवाला, कलम सहा वाचून थोडा फुगून, खुर्चीवर बसला होता. दुसरे साक्षीदार समोरचे औषधवाले, त्यांचा निरोप आला की दुकान सोडता येत नाही. आता ऐन वेळी माणूस कुठून आणायचा, यावर बोलणे चालले असताना दार वाजले. मुलगी उघडायला गेली आणि तिथेच थबकली.

दारात धाकटा होता. मागे भावजय.

तो सरळ टेबलापाशी आला, उभाच राहिला. अकरा वर्षांनी या घरात पाऊल टाकले होते.

"गेलो होतो," तो म्हणाला.

"मग?"

"आहे."

माझी पत्नी खुर्चीचा हात धरून खाली बसली. मुलीने विचारले, "काका, केवढी?"

"लहान आहे. चार सेंटिमीटरसुद्धा नाही. आत्ता कापायची नाही म्हणाले. वर्षाने परत मोजायची, मग दर वर्षी मोजत राहायची. वाढली तर वेळेवर बघू म्हणाले. सिगारेट बंद."

"आणि कंबर?" मी विचारले.

"कंबर नुसतीच कंबर आहे." आणि तो हसला. हसता हसता त्याचा चेहरा बदलला. "अण्णा, मी तिथल्या डॉक्टरबाईंना दादाचं सांगितलं. पाठ दुखत होती ते, पांढरा पडला ते, सगळं. मी एकट्यानेच बघितलं होतं ना. त्या म्हणाल्या, आता खात्री देता येणार नाही, पण..." तो माझ्याकडे वळला. "पण काच नसती तरी गेला असता, म्हणाल्या. घरात झोपला असता तरी."

मी शेजारची खुर्ची त्याच्याकडे सरकवली. भावजयीने डोळ्यांना पदर लावला. घड्याळवाला उगाचच खिडकीबाहेर बघत राहिला.

मग धाकट्याने माझ्यासमोरचे कागद ओढून घेतले आणि आठवे कलम पुन्हा वाचले, आईच्या ताटाचा मजकूर दोनदा. "अडलंय कुठे?" त्याने विचारले. वकीलबाई म्हणाल्या, "दुसरा साक्षीदार हवा."

"मी करतो सही."

"तुम्हाला नाही करता येणार. म्हणजे येईल, पण साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही. तुम्ही सही केलीत तर तुमचा दुकानातला हिस्सा गेला."

"कुठे करायची?"

"अहो, ऐकलंत का मी काय म्हणाले?"

"ऐकलं." तो माझ्याकडे बघून बोलत होता. "मेल्यावर दिलेलं मला नको. परवा शुद्धीवर ये, बरा होऊन खाली दुकानात उतर आणि जिवंत हाताने दे. तेव्हा घेईन. एरवी नको."

"हा वेडेपणा आहे," मी म्हटले.

"असेल. लिहून घे."

वकीलबाईंनी माझ्याकडे पाहिले. मी म्हटले, "बाई, हा अंघोळ करायचा नाही." त्यांना काही कळले नाही. माझी पत्नी मात्र खूप दिवसांनी मोठ्याने हसली, आणि हसता हसता रडली.

तरी लिहून ठेवतो की आठवे कलम मी खोडलेले नाही. वकीलबाईंच्या मते धाकट्याच्या सहीनंतर त्यातला त्याचा भाग निकामी होईल. होऊ दे. तो खरा करायचा तर मला ऑपरेशन पार पाडून घरी यावे लागेल. भीती वाटते आहे, ती काही गेलेली नाही. पण डॉक्टर म्हणाले ते बरोबर आहे, मी न फुटता पोचलो आहे. दादाला एवढी संधी मिळाली नव्हती.

येणेप्रमाणे हे मृत्युपत्र वाचून, समजून, दोन्ही साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत सही केली आहे.

स्थळ: राहते घर, जेवणाचे टेबल.

दिनांक: रुग्णालयात दाखल होण्याचा आदला दिवस, दुपार टळत असताना.

(सही) लिहून ठेवणार, काचवाला

साक्षीदार पहिला: शेजारी, धंदा घड्याळदुरुस्ती. मृत्युपत्र करणाऱ्याने माझ्यासमोर सही केली. शिडीबाबतचा मजकूर मला मान्य नाही.
(सही)

साक्षीदार दुसरा: मृत्युपत्र करणाऱ्याचा सख्खा धाकटा भाऊ, नोकरी खिडक्यांच्या कारखान्यात. मृत्युपत्र करणाऱ्याने माझ्यासमोर सही केली. परवाची रजा टाकली आहे.
(सही)